मोंढ्यातले अण्णा

बीडच्या मोंढ्यात आडतीच्या गादीवर एक अण्णा हमखास भेटतात. परळीला, माजलगावला गेलात तरी भेटतातच. गादी बदलते, घेर तोच. त्यांना कुणी जाड म्हणू नये. 'पोटातल्या जंतूंचा कारभार बिघडलाय,' एवढंच म्हणावं.

याला त्यांच्याकडे पुरावा आहे. २००६ साली अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत लठ्ठ उंदरांच्या आतड्यातले जंतू, अंगात जंतूच नसलेल्या उंदरांना दिले. सडपातळ उंदरांचे जंतू ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यापेक्षा या बिचाऱ्यांची चरबी जास्त वाढली. आणि खाणं जवळपास सारखंच! हे शेवटचं अण्णा गादीवर मूठ आपटून सांगतात. ते उंदीर होते, हा मुद्दा मुनीमजी पगाराकडे बघून काढत नाहीत.

दह्याबद्दल तर बोलायलाच नको. "मेचनिकॉफला दह्याचं नोबेल मिळालं, १९०८ ला!" मिळालं खरं, पण रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्याची भक्ती वेगळी. अण्णांना हा फरक किरकोळ वाटतो. लग्नाच्या पंगतीत ते मठ्ठ्याचा पेला आधी उचलतात आणि औषध उपाशीपोटी बाधू नये म्हणून सोबत जिलब्यांची चळत. कढी तर वाट्यांवर वाट्या. ती उकळतानाच दह्यातले जंतू मेले, असं कुणी म्हणालंच, तर उत्तर तयार: "मेले तरी आपलेच की!"

सकाळी मात्र महागडी प्रोबायोटिक कॅप्सूल. जिल्हा ऊसतोडीचा, तेव्हा त्याच भाषेत सांगायचं तर कॅप्सूलमधले जंतू म्हणजे उचल देऊन आणलेली टोळी आणि अण्णा मुकादम. ही टोळी बहुधा मुक्काम करत नाही. कॅप्सूल थांबली की थोड्याच दिवसांत कोप्या मोडून पसार. आतड्यातले कायमचे रहिवासी जगतात ते चोथ्यावर: ज्वारीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ. काकू नेमकं तेच ताटात वाढतात. अण्णा भाकरी बाजूला सारून पुऱ्या मागतात आणि त्या येईपर्यंत काकूंना आतड्याचं विज्ञान समजावतात. काकू पुऱ्या लहान लाटतात. अण्णा जास्त खातात.

अशा कॅप्सुलांनी वजन उतरतं का? माणसांवरच्या चाचण्यांत उतरलंच तर थोडंसं, तेही सगळ्यांचं नाही. अण्णांची चाचणी महिनाअखेरीला, सोयाबीनच्या काट्यावर. हमाल वाकून आकडा वाचतो, "एक क्विंटल सहा किलो. मागल्या खेपेला पाच व्हतं."

"अरे, बारदान वजा धर की!"

हमाल अण्णांना वरपासून खालपर्यंत न्याहाळतो.

"धरलंय मालक. ह्यो निव्वळ माल हाय."