कुंडीकाका

प्रत्येक सोसायटीत एक कुंडीकाका असतात. निवृत्त, बहुधा बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून. तुमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला येतील, पण देवाला हात जोडण्याआधी गॅलरीत शिरतील, कुंडी दोन्ही हातांनी उचलून तिचं बूड बघतील आणि म्हणतील, "आली."

कोण आली?

"मुळं. भोकातून बाहेर आली. कधीपासून हे असंय?"

आपण शिऱ्याची वाटी धरून अपराध्यासारखे उभे. पुढची उलटतपासणी ठरलेली. पाणी घातल्याबरोबर भसकन खाली येतं का? सकाळी पाणी घालूनही संध्याकाळी माना टाकतं का? नवं पान जुन्यापेक्षा लहान येतं का? तिन्हीला हो म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर अशी तृप्ती पसरते की नाही म्हणायचा धीरच होऊ नये.

पंचाईत अशी, की हा माणूस बरोबर असतो. कुंडी बदलायची म्हणजे मोठी आणायची, एवढंच आपल्याला ठाऊक. मग सहा इंचीतलं रोप आपण हौसेनं थेट चौदा इंचीत बसवतो. तेवढ्या मातीतलं पाणी ती इवलीशी मुळं पिणार कधी? माती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पानं मलूल होतात. आणि झाड सुकलं म्हणून आपण आणखी एक तांब्या ओततो. "एक, फार तर दोन इंच मोठी. बास!" हे काका बोटांनी माप दाखवून सांगतात.

वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअर मुलानं एकदा त्यांना २०१२ सालचा एक शोधनिबंध दाखवला होता. कुंडीचं आकारमान दुप्पट केलं की झाडाची वाढ सरासरी ४३ टक्क्यांनी जास्त होते, असं त्यात होतं. काका शांतपणे म्हणाले, "आठ इंचीची दहा इंची केली की झालं दुप्पट. घन काढ." मुलानं मोबाइलवर घन काढला. आठाचा ५१२, दहाचा १०००. तेव्हापासून तो जिन्यात भेटला की आधी वाट देतो.

तळाशी खडीचा थर घालणाऱ्यांशी मात्र त्यांचं उभं वैर. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून पहिल्या मजल्यावरच्या मावशी चांगले तीन इंच गोटे भरतात. काकांचं म्हणणं, बारीक मातीतलं पाणी खडीत उतरायला राजी नसतं, ते वरच अडून बसतं; शिवाय गोट्यांनी कुंडीची खोली खाल्ली ती वेगळीच. भोकावर खापरीचा एक तुकडा उपडा ठेवावा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. मावशी म्हणतात, आमच्याकडे आजेसासूबाईंपासून गोटेच घालतात. यावर शास्त्राकडे उत्तर नाही.

मुहूर्त जूनचा दुसरा आठवडा. फार तर फेब्रुवारी चालेल. मे महिन्यात कुंडीला हात लावणाऱ्याशी ते बोलत नाहीत, आणि कळ्यांनी लगडलेला मोगरा हलवणाऱ्याला विचारतात, "बाळंतिणीला बिऱ्हाड बदलायला लावाल का?"

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया रविवारी सकाळी. आदल्या संध्याकाळी पाणी घातलेलं असतं. पेपरची पुरवणी अंथरायची. काकूंची सुरी कुंडीच्या आतल्या कडेनं फिरवायची, काकूंच्या कालथ्यानं माती सैल करायची. कुंडी आडवी करून बुडावर थापट्या मारल्या की गोळा अलगद हातात येतो. गोल गोल गुंडाळलेली मुळं बोटांनी मोकळी करायची, काळी पडलेली कापायची. लाल माती, गांडूळखत, कोकोपीट, मूठभर नीमपेंड. खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच, आणि वर पाण्याला इंचभर जागा. मग आठवडाभर सावली, महिनाभर खत बंद. हे सगळं होईतो पन्हाळीतून गढूळ पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर पोचलेलं असतं. सोमवारी नोटीसबोर्डावर 'काही सभासद' या नावानं त्यांचा उल्लेख होतो.

त्यांच्या स्वतःच्या दारात मात्र एक स्नेक प्लँट प्लास्टिकच्या डब्यात इतका माजलाय की डबा एका बाजूनं फुगलाय. काकू म्हणतात, याची बदला की आधी. काका म्हणतात, "त्याला दाटीच मानवते." हेही खरंच आहे. पण काकू तीस वर्षं त्याच दोन खोल्यांत राहिलेल्या, त्या म्हणाल्या, "त्याला विचारलंत, मला एकदा विचारा."

तशात इमारत रीडेव्हलपमेंटला निघाली. सभेत बिल्डरच्या माणसानं सांगितलं, प्रत्येकाला चाळीस टक्के जास्त कार्पेट एरिया. टाळ्या पडल्या. काका उठले. "एकदम चाळीस टक्के?" काकूंनी शेजारून चिमटा काढला असावा, कारण पुढचं वाक्य गिळलं गेलं. सही केली, पण एका अटीवर. घर रिकामं करू ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याआधी एक दिवसही नाही.

बिल्डरच्या माणसानं आदरानं लिहून घेतलं. "मुहूर्त गुरुजींनी काढून दिलाय का?"

"वेधशाळेनं," काका म्हणाले.

काकू तोवर फोनवर ताडपत्रीचा भाव विचारत होत्या.