असंरक्षित

सरकारी मराठीने जन्माला घातलेल्या शब्दांत ‘असंरक्षित स्मारक’ हा शब्द पहिल्या रांगेत बसवायला हवा. स्मारक आहे हे मान्य, ते राखायला हवे हे मान्य आणि आपण ते राखत नाही हेही मान्य. एवढी तिहेरी कबुली एका शब्दात द्यायची आणि वर तिचाच वर्ग पाडायचा, हे ऐऱ्यागैऱ्याला जमणारे नाही. डॉक्टरांनी ही युक्ती उचलली तर दवाखान्यात ‘अनुपचारित रुग्ण’ असा प्रशस्त कक्ष निघेल आणि त्याला खाटाही लागणार नाहीत. मास्तरांनी उचलली तर ‘न शिकवलेले विद्यार्थी’ अशी वेगळी तुकडी काढता येईल. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्याही कानाला खाच पाडतात. हा मोजून झाला, एवढे तरी येणाऱ्याजाणाऱ्याला कळते. पालघर जिल्ह्यात केळव्यापासून तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर कोट आणि बुरूज रांगेने उभे आहेत. त्यातल्या संरक्षित यादीबाहेरच्यांच्या नशिबी ती खाचही नाही. जिल्हाच १ ऑगस्ट २०१४चा. तेव्हा त्याआधीचे सगळे बांधकाम विनापरवाना, असा कुणाचा समज झाला असेल तर देव जाणे.

या शब्दाची खरी करामत भिंतीजवळ गेल्यावर दिसते. पाखराच्या विष्ठेतून पिंपळाचे बी चुन्याच्या सांध्यात पडते. पहिल्या पावसाळ्यात त्याला दोन पाने फुटतात आणि तेव्हा ते दोन बोटांनी उपटता येते. पण स्मारक असंरक्षित, म्हणजे ती दोन बोटे कुणाची हे ठरलेले नाही. मग मूळ मनगटाएवढे होते, पुढे मांडीएवढे. ते पाचरीसारखे सांधा उकलत जाते, आत पाणी शिरते, चुना धुपतो आणि एका आषाढात बुरजाची कड खाली येते. पडलेला दगड घडीव असतो, त्यामुळे तो फार दिवस पडून राहत नाही. कुणाच्या तरी जोत्याला लागतो. कुणी कळवळ्याने डागडुजी केलीच, तर सिमेंटने करतो. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. मग सांधा शाबूत राहतो आणि दगडालाच पापुद्रे सुटतात. एवढे सगळे झाल्यावर वास्तूला तिच्या आयुष्यातली पहिली पाटी मिळते: ‘धोकादायक’. असंरक्षितवरून थेट धोकादायक! विरारची जलद लोकलसुद्धा इतके थांबे गाळत नाही. शतकानुशतके खाऱ्या वाऱ्यात तग धरून राहिलेली भिंत आपल्याला धोकादायक. भिंतीला कोण धोकादायक, ती पाटी अजून रंगवायची आहे.

हरकती ठरलेल्या आहेत. पहिली, हे कोट फिरंग्यांचे, त्यांचे कौतुक आपल्याला कशाला? जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या मोहिमेत केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर हे कोट घेतले गेले. तारापूरला मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आले आणि मे महिन्यात वसई हाती आली. ज्या तटापायी आपली माणसे पडली तो तट परका म्हणायचा, तर इंग्रजांच्या काळात पडलेल्या रुळांवरून रोज मुंबई गाठणेही सोडावे लागेल. दुसरी हरकत मालकीची. तारापूरचा कोट खासगी, आत वाडी. पण १९५८च्या केंद्रीय कायद्यात खासगी मालकाशी करार करण्याची तरतूद आहे. तेवढ्याने सातबाऱ्यावरचे नाव पुसले जात नाही. तिसरी हरकत मात्र खरी आहे, तिला हसू नये. २०१०च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट. ज्याला पडवी वाढवायची आहे त्याच्या पोटात गोळा येणारच. पण ती अट संरक्षणाची आहे, नोंदीची नव्हे. मोजमाप घेणे, नकाशा काढणे, कुठे तडा आणि कुठे पिंपळ ते लिहून ठेवणे, यातून कुणाची पडवी अडत नाही. भीती संरक्षणाची आणि टाळाटाळ नोंदीची, असा हा अजब हिशेब आहे.

राहिला पैसा. तारापूर म्हटले की देशाला १९६९पासूनची अणुवीज आठवते. त्या वीजकेंद्राच्या भिंतींना पहारा आहे, कुंपण आहे. शेजारच्या बोईसरच्या कारखान्यांच्या वसाहतीत प्रत्येक भूखंडाला क्रमांक आहे. म्हणजे पैसाही इथे पोचला आहे आणि मोजपट्टीही, फक्त दोन्ही कोटाकडे वळत नाहीत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले तेव्हा आपण पेढे वाटले. त्यात या किनाऱ्यावरचा एकही नाही, याचे दुःख नाही. पण जगाच्या यादीपायी नाचणाऱ्यांना गावाची यादी करायचा कंटाळा यावा, याची चीड येते. केळव्याचा भुईकोट वाळूत गाडला गेला होता. हौशी मंडळींनी सुट्टीच्या दिवशी घमेली उचलून तो मोकळा केला. आपण काय केले? शाबासकी दिली आणि मोकळे झालो! फुकट राबणारी पोरे म्हणजे काही व्यवस्था नव्हे. त्यांच्या हाती अधिकार नाही, निधी नाही, आणि उद्या एखादा दगड कुणाच्या पायावर पडला तर ‘आत गेलात कशाला’ हा प्रश्न तयार आहे. तीही असंरक्षितच. ज्यांचे काम त्यांनी करायचे नाही आणि करणाऱ्याचे कौतुक करून स्वतःच्या बिनकामाला टाळ्या मिळवायच्या, ही कला मात्र आपण फार जिवापाड जपली आहे. तिला संरक्षणाची गरज नाही.

तूर्तास, भर दुपारी बुरजाच्या सावलीत एखादे भटके कुत्रे अंग टाकते. कानाला खाच असेल, तर त्याची नोंद झालेली आहे. सावलीची व्हायची आहे.