भूतदया, फोनवरून

ठाकुर्लीच्या नाइन्टी फीट रोडवर कुत्रं गाडीखाली आलं की भूतदयेला भरती येते. चारजण व्हिडिओ काढतात, पाचवा प्राण्यांसाठी धावणाऱ्या ताईंना फोन लावतो: "लवकर या, मला लोकल पकडायचीय." ताईंनाही ऑफिस असतं, हे त्याच्या गावीही नसतं. रिक्षाभाडं, एक्स-रे, प्लास्टर असा विषय निघाला की त्याची रेंज जाते.

कुत्रं बरं होऊन परतलं की तोच गृहस्थ सोसायटीच्या सभेत गरजतो, "पुन्हा इथंच का सोडलं?" २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम म्हणतात, नसबंदी आणि लसीकरण झालेलं भटकं कुत्रं जिथून उचललं तिथंच सोडायचं. त्यातला विसावा नियम तर त्याच्या खाण्याची सोय रहिवासी संघटनेवरच टाकतो. हे ऐकून सभा एकमतानं ठराव करते: ताईंनी कुत्रं स्वतःच्या घरी न्यावं.

मोबदला मिळतो बरं का! तीन पायांवर लंगडत गेलेलं कुत्रं चारांवर पळत येतं. ताई दिसल्या की शेपूट हलवतं, सेक्रेटरी दिसले की भुंकतं. सभासद नसूनही कामकाजाची त्याला उत्तम जाण आहे.