टाकीपाशी कोण गुणगुणतं?

माझा मावसभाऊ आयुष्यभर मोटारींना गप्प बसवत आला. डेट्रॉइटकडच्या मोटार कंपन्यांत त्यासाठी एक स्वतंत्र खातंच असतं. एनव्हीएच असं त्याचं आटोपशीर नाव. गाडीतला गोंगाट, थरथर आणि हादरे यांचा बंदोबस्त हे त्याचं काम. दार लावताना येणारा आवाज पत्र्याचा वाटू नये, घरंदाज वाटावा. भरधाव जाताना आरशापाशी वाऱ्याने शीळ घालू नये. डॅशबोर्डाच्या पोटात कुरकुरणारी क्लिप नेमकी कोणती ते सापडावं, असल्या विवंचनांत दादाची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाला आणि त्याने 1969 सालची शेव्हरोले शेव्हेल घरी आणली. 396 घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ साडेसहा लिटरचं, आठ सिलिंडरांचं इंजिन. त्याच्या डोक्यावर चार तोंडांचा होली कार्ब्युरेटर. आणि मागे धुराची दोन जाडजूड नळकांडी. ती सुरू झाली की स्वयंपाकघरातल्या बश्या आपसांत बोलू लागतात. वहिनी म्हणते, "जन्मभर लोकांच्या गाड्या मुक्या केल्या ना, त्याचं हे प्रायश्चित्त." तर अशा या गाडीबद्दल दादाची तक्रार एकच. तिच्यात कुठूनतरी आवाज येतो.

यायचा तो मागून, डिकीच्या खालून. बारीक, चिवट, नाकातला. तिथे पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप होता. मुळातल्या शेव्हेलला तो नव्हताच. कारखान्यातून ती बाहेर पडली तेव्हा पंप इंजिनाच्या कुशीला होता आणि कॅमशाफ्ट एका दांडीने त्याला ढोसत राहायचा. इंजिन फिरलं की पंप चालायचा, ते थांबलं की तोही थांबायचा, आणि त्या गजरात त्याची हयात कुणाला जाणवायचीही नाही. आधीच्या कुण्या मालकाला वेगाची हौस होती. त्याने तो काढून टाकीशेजारी, गाडीच्या सांगाड्यावर, विजेवर चालणारा पंप बसवला. हल्लीच्या गाड्यांतही पंप विजेचाच असतो, पण तो टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तिथे तो गार राहतो आणि त्याचं पुटपुटणं पेट्रोलच गिळून टाकतं. दादाचा पंप मात्र उघड्यावर. किल्ली अर्धी फिरवली की इंजिनाच्याही आधी तो जागा व्हायचा. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरेपर्यंत सूर चढा. मग आतले फ्लोट वर यायचे, सुया आपापली दारं लावून घ्यायच्या, पेट्रोलला पुढे सरकायला वाट उरायची नाही, आणि ओझ्याखाली पंपाचा सूर हळूच खाली उतरायचा. मला तो उतरणारा सूर फार आवडायचा. दादाच्या कपाळावर मात्र नेमकी तेव्हाच आठी पडायची.

त्याचं म्हणणं असं, की आवाज एकमेकांच्या आड लपून राहतात. इंजिन शांत केलं की टायरांची घरघर ऐकू येते, टायर शांत केले की वारा, वाऱ्याला आवरलं की सीटचं चामडं कण्हायला लागतं. विजेच्या गाड्यांनी तर त्याच्या खात्याची झोपच उडवली, कारण त्यांत आड लपायला इंजिनच नाही. वर त्या रस्त्यावर इतक्या चोरपावलांनी येतात, की अमेरिकेच्या नियमाप्रमाणे ताशी 30 किलोमीटरपर्यंत त्यांना मुद्दाम आवाज करावा लागतो. ज्यांना दिसत नाही त्यांना चाहूल तरी लागावी म्हणून. ज्या खात्याने आवाज काढून टाकले, त्याच खात्याने आता नवे रचायचे. हे सांगताना दादा मिश्किल हसतो. पण त्याचा कान काही हसत नाही. इंजिनाचा गडगडाट त्याने रोख पैसे मोजून घेतलेला, म्हणून तो त्याला संगीत वाटतो. पंपाचं गुणगुणणं गाडीबरोबर फुकट आलं, म्हणून ते खुपतं. माणसाचा कान हा हिशेबी अवयव आहे खरा.

मी त्याच्याकडे राहायला गेलो तेव्हा संशोधन ऐन भरात होतं. चाकं लावलेल्या फळीवर उताणा पडून तो गाडीखाली सरकायचा आणि मेकॅनिकचा स्टेथोस्कोप कानाला लावायचा. डॉक्टरांच्यासारखाच असतो तो, फक्त छातीला लावायच्या चकतीच्या जागी एक लोखंडी सळई. नुसते पायच बाहेर दिसायचे. त्या पायांकडे बघताना मला साताऱ्याचे मिस्त्री आठवायचे. त्यांच्याकडे असलं काही नव्हतं; लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आजूबाजूला कुणी बोललं की नुसता हात वर करायचे. काकांची पद्मिनी त्यांच्याच हाताखालची. गाडी अवघी 1089 सीसीची, आणि आम्ही बसायचो सात-आठ जण. मे महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढणीला ती हमखास दम टाकायची. धगीने पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ ओढता ओढता पंप फसायचा. काका बॉनेट उघडून पंपावर ओला पंचा गुंडाळायचे आणि फिरकीचा तांब्या दादाच्या हाती द्यायचे. दादाने धार धरायची, काकांनी "सावकाश रे, सावकाश" म्हणायचं, मावशीने मागच्या सीटवर दशम्यांचा डबा सोडायचा. गाडी थांबल्याचं दुःख कुणालाच नसायचं. दादा तेव्हा आठ-दहा वर्षांचा असेल. तांब्या रिता झाला तरी तो पंपाकडे टक लावून बघत उभा राहायचा.

इकडे शेव्हेलच्या पंपाला त्याने एकेक प्रश्न विचारायला घेतले. पंपांची ही जात ढकलण्यात तरबेज, ओढण्यात आळशी. म्हणून त्यांना टाकीजवळ आणि होता होईल तो टाकीच्या खालच्या पातळीला बसवतात. ओढायच्या वाटेत कुठे अडथळा आला, तर पंपाच्या तोंडाशी दाब इतका घसरतो की पेट्रोल न तापताच उकळायला लागतं. बुडबुडे होतात, आत जाऊन फुटतात आणि पंप कण्हू लागतो. आधीच्या मालकाने पंपाच्या अलीकडे बारीक कागदी फिल्टर बसवला होता. तिथे जाळीचा हवा, कागदी असलाच तर पलीकडे. तो बदलला. टाकीकडून येणारा जुना रबरी पाइप तडकला होता. तिकडच्या पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराचं त्याच्याशी पटत नाही. गंमत म्हणजे अशा बारीक भेगेतून बाहेर थेंबही येत नाही, पण पंप ओढायला लागला की हवा मात्र आत शिरते. तोही बदलला. मग अर्थिंगच्या बोल्टखालचा गंज खरवडला. पंपाला पहिल्यांदाच पोटभर वीज मिळाली आणि तो दुप्पट जोमाने गाऊ लागला. त्या रात्री दादा जेवताना कुणाशी बोलला नाही.

उलगडा केला तो शेजारच्या आजोबांनी. इंजिनाच्या कारखान्यात जन्म घालवलेले, मितभाषी गृहस्थ. हातात कॉफीचा मग घेऊन कुंपणापाशी उभे राहायचे. त्यांनी एवढंच विचारलं, की आवाज निघताना जास्त असतो की पोचताना? दादा विचारात पडला. पोचताना. निघताना कमी, आणि जसजसं अंतर कापावं तसतसा चढत जाणारा. आजोबा गाडीच्या मागे गेले, नंबरप्लेट पुढे ओढून खाली वाकवली (या शेव्हेलच्या टाकीचं तोंड तिच्या मागे दडलेलं असतं) आणि टाकीचं झाकण फिरवलं. फस्स करून हवा आत शिरली. पंपाचा सूर तिथल्या तिथे उतरला. झाकण नवं होतं, चकचकीत होतं आणि चुकीचं होतं. त्याला हवा आत घ्यायची सोयच नव्हती. जितकं पेट्रोल बाहेर जाईल तितकी हवा आत यायला हवी, ती येत नव्हती, आणि पंप बिचारा एका मिटलेल्या तोंडाच्या टाकीतून मैलोन् मैल पेट्रोल ओढत होता. तो गुणगुणत नव्हताच. धापा टाकत होता. दादा बराच वेळ ते झाकण हातात फिरवत राहिला, आणि मग पंपाच्या पाठीवर, म्हणजे तेलकट पत्र्यावर, त्याने हलकेच दोन थापा मारल्या.

उरलेला आवाज पंपाचा नव्हताच, गाडीचा होता. पंप थेट सांगाड्यावर पिळून बसवलेला. त्याची थरथर तिथून डिकीच्या पत्र्यात चढायची आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याने तारेला मोठं करावं तसा तो पत्रा तिला मोठं करायचा. मध्ये रबराच्या बैठकी आल्या आणि भोपळा निमाला.

आता अडचण वहिनीची. "आधी निदान कळायचं तरी, पंप चालतोय ते. आता चालू आहे की बंद, समजायचं कसं?" शंका रास्त होती. दादाने ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच लावून घेतलाय, म्हणजे अपघातात इंजिन बंद पडलं तर पंप पेट्रोल ओतत राहणार नाही. पण पंप धडधाकट आहे ना, याची रोजची ग्वाही गेली ती गेलीच. त्यावर त्याने कार्ब्युरेटरपाशी एक छोटा प्रेशर गेज बसवला. काटा साडेसहा पीएसआयवर असला की सगळं क्षेम. फक्त तो बघायला बॉनेट उघडावं लागतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. 1995 पासून भरतेय. हजारो गाड्या, फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेली कुटुंबंच्या कुटुंबं आणि हवेत अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास. दादा दर थोड्या वेळाने गाडी कडेला घेतो आणि बॉनेट उघडतो. लोकांना वाटतं, इंजिन दाखवतोय. माना पुढे करून ते 396 बघायला गोळा होतात, पोरं खांद्यावर चढतात, मोबाइल वर होतात. दादा खिशातून बॅटरी काढतो, त्या डायलवर उजेड पाडतो आणि साऱ्या घोळक्याला म्हणतो, "साडेसहा!"