तुंबलेल्या कॉफीयंत्राची शास्त्रोक्त दुरुस्ती

ड्रिप कॉफी मेकर तुंबला की घरातील कर्ता पुरुष त्याच्यासमोर उभा राहतो, दोन्ही हात कमरेवर ठेवतो आणि निकाल देतो, "मोटर गेली." या यंत्रात मोटर नसते. पंपही नसतो. तरीसुद्धा मोटर गेल्याचे जाहीर झाल्याशिवाय कोणत्याही दुरुस्तीला हात घालण्याचा आपल्याकडे रिवाज नसल्याने तेवढा विधी आधी उरकून घ्यावा. कोणी "वॉशर असेल हो" असे सुचवल्यास तेही शांतपणे ऐकून घ्यावे. मग पुढील मजकूर वाचावा.

यंत्राच्या पोटात काय असते, हे पक्कड हातात घेण्यापूर्वी माहीत असलेले बरे. टाकीतले पाणी स्वतःच्याच वजनाने खाली उतरते. वाटेत त्याला एक एकमार्गी झडप लागते. झडप म्हणजे कुठे छोटी गोळी, कुठे रबराची जीभ. तिच्यातून पाणी तळाशी वाकवून बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीत शिरते. नळीला कॉइल चिकटलेली असते. थोडे पाणी उकळते, वाफेचे बुडबुडे होतात, झडप त्यांना मागे फिरू देत नाही, म्हणून ते पुढचे गरम पाणी उभ्या नळीतून वर रेटतात आणि ते पाणी भोकाभोकांच्या चकतीतून कॉफीच्या पुडीवर पडते. बहुतेक साध्या यंत्रांत हीच कॉइल भांड्याखालची तबकडीही तापवते. एका पगारात दोन कामे. जर्मनीत गॉटलॉब विडमन यांनी 1954 मध्ये विजेवरचे असे यंत्र आणले, अमेरिकेत 1972 पासून 'मिस्टर कॉफी'ने ते घरोघरी पोचवले, आणि त्यानंतर या रचनेत बदलली ती मुख्यतः बटणे.

आता रोगाची लक्षणे. निरोगी यंत्र फस्स करून थोडे पाणी टाकते, क्षणभर थांबते, पुन्हा टाकते. तुंबलेले यंत्र घसा बसलेल्या माणसासारख्या नुसत्या गुळण्या करते : आवाज भरपूर, कॉफी पळीभर. झाकणाच्या फटीतून वाफ निघते, वरच्या फळीला दव धरते आणि मधूनच आतून 'टक' असा आवाज येतो. हा थर्मोस्टॅट. नळी प्रमाणाबाहेर तापली की तो वीज तोडतो, निवली की जोडतो. हा टक ऐकून "काहीतरी तुटलं बरं का" असे बाहेरच्या खोलीतून सांगणारे एक माणूस प्रत्येक घरात असते. त्यांना वर्तमानपत्राची पुरवणी द्यावी.

पहिली चाचणी फुकट असते, म्हणूनच ती कोणी करत नाही. कॉफीही नाही आणि कागदही नाही, असे रिकामे यंत्र नुसत्या पाण्यावर चालवून पाहावे. पाणी धडधाकट खाली आले तर यंत्र निर्दोष सुटले. गुन्हेगार पुडी आहे. माटुंग्याहून प्रेमाने आणलेली फिल्टर कॉफीची पूड बारीक दळलेली असते, तीत चिकोरीही असते, आणि ती पितळेच्या किंवा स्टीलच्या दोन मजली फिल्टरसाठी असते. तिथे तिला रात्रभर ठिबकायची मुभा असते. इथे तिच्यावर भराभर पाणी ओतले जाते. कागदाची छिद्रे बुजतात, पाणी काठापर्यंत चढते आणि गाळासकट बाहेर पडून ओट्यावरून थेट डब्यांच्या मागे जाते, जिथे हात पोचत नाही. पुडीवाल्याला "रवाळ दळा, चिकोरी नको" एवढे सांगितल्यास दुरुस्ती इथेच संपते. पण अशा दुरुस्तीत मान मिळत नाही, हेही खरे.

पाणी कॉफीशिवायही रडत येत असेल, तर आतला मार्ग अडला आहे असे समजावे. तरी आत शिरण्याआधी बाहेरची दोन ठिकाणे पाहावीत. कॉफीच्या टोपलीच्या बुडाला स्प्रिंगची एक छोटी टोपी असते. भांडे खाली ठेवले की ती उचलली जाते आणि कॉफी सुटते, भांडे काढले की बंद. कॉफीचे तेल आणि बारीक गाळ बसून ती चिकटते. बोटाने दाबून पाहावी, गरम पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासावी. दुसरे ठिकाण म्हणजे वरची भोकांची चकती. हिच्यासाठी घरात कुठेतरी स्टोव्हची पिन पडलेली असते. स्टोव्ह भंगारात जाऊन जमाना झाला तरी पिन जपून ठेवणाऱ्या आजींना या प्रसंगी रीतसर श्रेय द्यावे. न दिल्यास ते त्या स्वतः घेतील.

एवढे करूनही गुळण्या थांबल्या नाहीत, तर रोग क्षारांचा. हा कॉफीचा नव्हे, पाण्याचा प्रताप आहे. जड पाण्यात, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या दुष्फेन पाण्यात, कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. तापवले की ते फुटते आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे सरळ चुनखडी, नळीला आतून धरते. बादलीतल्या हीटरच्या कॉइलवर जो पांढरा खडबडीत थर दिसतो, तोच हा. पुण्यात खडकवासल्याचे पाणी त्या मानाने हलके. पण उन्हाळ्यात सोसायटीने बोअर सुरू केला, टँकर लावला, की यंत्राचे दिवस भरत येतात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा विक्रेता ज्या पेनाने आकडा दाखवून घाबरवतो, तो पेन पाण्यात एकूण किती काय विरघळले आहे याचा अंदाज देतो. त्यात चुनखडी करणारे किती आणि साधे मीठ किती, हे त्याला कळत नाही. त्यापेक्षा चहाच्या पातेल्याच्या कडा पाहाव्यात.

चुनखडीवर औषध आम्ल. येथे वाचकाने विशेष सावध राहावे, कारण आम्ल म्हटले की मराठी घराचा हात संडास धुण्याच्या बाटलीकडे जातो. मेहुणे तर "हायड्रो टाका, पाच मिनिटांत साफ" असे सांगून मोकळे होतात. ते हायड्रोक्लोरिक असते, नळी ॲल्युमिनियमची असते. क्षार जातील आणि पाठोपाठ नळीही जाईल, शिवाय कॉफी पोटात जायची आहे. व्हिनेगरमध्ये ब्लीचिंगचे पाणी मिसळण्याची कल्पना सुचल्यास स्वयंपाकघरातून तात्काळ बाहेर पडावे, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याचा उपाय मात्र निरुपद्रवी आहे. फेस भरपूर येतो, मुले टाळ्या वाजवतात, आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात, क्षार जागच्या जागी.

योग्य औषध वाण्याकडे मिळते. ढोकळ्यात घालतात ते लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे, सपाट. ते न मिळाल्यास पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे. काम तेही करते, पण दोन दिवस घराला चायनीजच्या गाडीचा वास येतो. लिंबूफूल पाण्यात पूर्ण विरघळवून मगच टाकीत ओतावे. टोपलीत कोरा कागदी फिल्टर लावावा, म्हणजे सुटलेल्या खपल्या त्यात अडकतील. यंत्र सुरू करावे. दोनेक कप पाणी खाली आले की बंद करावे.

आणि आता अर्धा तास काहीही करू नये.

येथे विद्या संपते आणि चारित्र्याचा प्रश्न सुरू होतो. स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, पक्कड, एम-सील असे सगळे टेबलावर मांडून बसलेल्या माणसाला नुसते बसून राहा सांगणे म्हणजे काय, हे ज्याने सांगून पाहिले त्यालाच कळेल. पण काम चालले आहे ते नळीच्या आत, आणि ते आम्ल करते आहे. कान लावल्यास बारीक चुरचुर ऐकू येते. चुनखडी विरघळताना कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याचा तो आवाज. पुन्हा पुन्हा बटण दाबून तेच पाणी उकळत राहिल्यास आपण काम पुढे नेतो आहोत असे वाटते, होते उलटे. सायट्रिक ॲसिड आणि कॅल्शियम मिळून जो क्षार होतो, तो गरम पाण्यात थंडपेक्षा कमी विरघळतो. म्हणजे उतावळेपणाने जुना थर काढून त्याच जागी नवा बसवण्याची सोय होते. बसवत नसेल तर गॅलरीत जावे, कुंड्यांना पाणी घालावे, बँकेचे पासबुक भरून आणावे. आतून "अहो, झालं का? नाहीतर मी चहा टाकते" असा आवाज आल्यास "टाक" म्हणावे. हा पराभव नव्हे. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे.

अर्धा तास झाल्यावर उरलेले पाणी खाली येऊ द्यावे. कागदात पांढऱ्या-तपकिरी खपल्या दिसतील. त्या घरातील प्रत्येकाला, विशेषतः मोटर गेल्याचे सांगणाऱ्याला, बोलावून दाखवाव्यात; आपल्या बाजूचा एवढाच पुरावा आपल्याजवळ असतो. पाणी अजून अडखळत असेल तर ताजे मिश्रण करून हेच सारे पुन्हा. मग साध्या पाण्याच्या दोन-तीन फेऱ्या. शेवटच्या फेरीचे पाणी चाखून आंबट लागल्यास आणखी एक.

एक वेगळा रोग असतो. त्याला औषध नाही, फक्त दटावणी आहे. आपली कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, साखर घातलेली, वरून जायफळ. त्यामुळे कोणीतरी पाहुणा एखाद्या सकाळी सरळ टाकीतच दूध ओततो. दूध नळीत करपते, झडपेत बसते, आणि त्यावर लिंबूफूल घातल्यास आत पनीर होते. अशा वेळी पुष्कळ गरम पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि पाहुण्याची परतीची गाडी, एवढेच हातात असते. जायफळ ज्याचे त्याने कपात किसून घ्यावे.

यंत्र तुंबलेले नसून गार पडलेले असेल, दिवाही लागत नसेल, तर ते अमेरिकेहून आले आहे का, हे आधी विचारावे. तिकडे वीज 120 व्होल्टची, इकडे 230 ची. भाच्याने सोबत दिलेला ॲडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. जवळजवळ दुप्पट व्होल्ट मिळाल्यावर कॉइलमध्ये पावणेचार पटीच्या आसपास उष्णता निर्माण होते, आणि यंत्र आपल्या आयुष्यातली सर्वांत जलद कॉफी करून निवृत्त होते. त्याला यंत्राच्या वॉटपेक्षा मोठा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, जो आकाराने आणि वजनाने यंत्राशी बरोबरी करतो आणि ओट्यावर त्याच्या शेजारी बसतो. जावयाचा मान त्याला द्यावा लागतो.

यंत्र इथलेच असून बंद असेल, तर बहुधा थर्मल फ्यूज गेला आहे. तो एकदाच जातो आणि यंत्राला आग लागू नये म्हणूनच जातो. उघडून पाहायचेच असल्यास आधी प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. मग यंत्र पूर्ण निवू द्यावे. स्क्रू रबरी पायांच्या आत दडलेले असतात आणि त्यांतला एखादा मुद्दाम तीनकोनी खाचेचा असतो, जो कोणत्याही मराठी घरातल्या स्क्रू ड्रायव्हरला दाद देत नाही. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे नेल्यास तो आत एकदा डोकावून विचारेल, "डायरेक्ट करून देऊ का?" म्हणजे फ्यूज काढून दोन्ही तारा एकत्र पिळणे. यावर एकच उत्तर आहे, आणि ते ठामपणे द्यावे. तेवढ्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज मिळाला तर ठीक. तोही सोल्डर न करता दाबून जोडायचा असतो, कारण सोल्डरच्या उष्णतेनेच तो उडतो.

या सगळ्या काळात कॉफीचे काय, हा प्रश्न उरतो. टोपली काढून भांड्यावर ठेवावी, तिच्यात कागद आणि पूड घालावी, पातेल्यात पाणी उकळून अर्धा मिनिट थांबावे आणि पळीने हळूहळू ओतावे. खालची स्प्रिंगची टोपी काहीतरी टेकवून उचललेली ठेवावी. 1908 मध्ये ड्रेस्डेनमध्ये मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळी भांड्याला भोके पाडून आणि मुलाच्या वहीतला टिपकागद त्यात घालून हेच केले होते, आणि पुढे त्यावर कंपनी उभी केली. कॉफी उत्तम होते. यंत्रापेक्षा बहुधा लवकर होते. म्हणून हा प्रयोग घरातील मंडळी बाहेर गेल्यावरच करावा आणि पळी धुऊन जागेवर ठेवावी, कारण एकदा का त्यांनी पाहिले, की ओट्यावरची ती जागा मिक्सरला जाते.