बाण खाली, विषय एक

पुतणीच्या प्रवेश अर्जात एक बाण आहे. चौकटीच्या उजव्या कडेला, तोंड खाली, टोमॅटोच्या देठाएवढा. वर लिहिलंय, ‘आपल्या आवडीचा मायनर विषय निवडा’. बाण दाबला की यादी उघडते. यादीत एकच नाव. तर्कशास्त्र.

आधी वाटलं, रेंज नाही, बाकीचे विषय मागून येत असतील. आमच्याकडे एसटीही तशीच येते. दहा मिनिटं थांबलो. मग नारायणगावात जाऊन कॅफेवाल्या पोराला वीस रुपये दिले. त्यानं मोठ्या पडद्यावर तेच तर्कशास्त्र जरा मोठं करून दाखवलं. मी बाण दाबला, यादी मिटली. पुन्हा दाबला, उघडली. “काका, बास करा,” पुतणी म्हणाली, “दाबून दाबून दुसरा विषय पडणार नाही.”

विषयच तर्कशास्त्र, म्हणून मीही तर्क लावला. दोनातून एक काढणं ही निवड. एकातून एक काढणं ही वजाबाकी. थोरल्या भावाला एवढी फोड लागली नाही. त्यानं विचारलं, “एकच व्यापारी उभाय का? मग लिलाव कसला?” क्रेट उतरवल्यावर बोलीला एकच माणूस असला, तर आमच्याकडे त्याला जे म्हणतात ते इथं छापता येत नाही.

कॉलेजच्या खिडकीत चौकशी केली. बाई म्हणाल्या, “नवीन धोरण आहे ना, मुलांना फ्रीडम दिलंय.” मग आवाज उतरवून, “सरांचा वर्कलोड भरत नव्हता.” म्हणजे मायनर पोरीची नाहीच, सरांची आहे, पोरीनं फक्त ती भरून द्यायची. सरांवर राग नाही, पोट त्यांनाही आहे. राग आहे तो ‘आवडीचा’ या शब्दावर. २०२० च्या शैक्षणिक धोरणातली ही मायनर सुमारे २० क्रेडिटची. एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे ३०० तास. पोरीचा मेजर इतिहास. तिच्या तालुक्यात दोनशेच्या वर लेणी, नाणेघाटात सातवाहनांनी कोरलेले आकडे, खोडदच्या आसपास आकाशाकडे तोंड करून उभ्या दुर्बिणीच्या ४५-४५ मीटरच्या ३० तबकड्या, उसात बिबट्या, पलीकडे हिरड्यावर वर्ष काढणारी माणसं. ज्या गावाचं नाव शेजारच्या तालुक्याला आहे ते आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली. ते पाणी कुठल्या कालव्यानं कुणाच्या उसाला गेलं आणि ज्यांचं घर बुडालं त्यांच्या हाताला काय लागलं, हे शिकवा की ३०० तास! शिलालेख वाचायला शिकवा, बिबट्याची गणती शिकवा, निदान कांद्याच्या बराखीतला कांदा का सडतो ते तरी शिकवा. पण नाही. बाणाखाली यातलं काही नाही, कारण या कशात कुणाचा वर्कलोड कमी पडलेला नाही.

असो. तर्कशास्त्राचा तास सव्वातीनला. आमच्या वाडीची शेवटची गाडी तीनला.

पुतणीनं बाण दाबला, एकातून एक निवडला. आता शेजारपाजारचे पालक विचारायला येतात, मायनर घ्यावी का? मी म्हणतो, पोरांना आवड नंतर विचारा. आधी कॉलेजात जाऊन तासाची वेळ लिहून आणा आणि तो कागद घेऊन स्टँडवरच्या कंट्रोलरला भेटा.