रिकामटेकड्यांची मुंबई

जुन्या मुंबईचा एखादा करडा फोटो मोबाइलवर आला की गिरगाव-काळबादेवीकडे हमखास उसासा निघतो : "काय निवांत होती हो मुंबई!" रस्ता रुंद, फुटपाथ मोकळा, धक्का मारणारं कुणी नाही. उसासा टाकणाऱ्याचा जन्म बहुधा ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली त्यानंतरचा. पण हळहळायला वयाची अट नसते.

हा निवांतपणा मात्र कॅमेऱ्याचा. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती आठ लाखांच्या पुढे होती. ती माणसं फोटोच्या दिवशी काही गावी गेली नव्हती. तेव्हाच्या कॅमेऱ्यातली रसायन लावलेली ओली काच प्रकाश टिपायला कित्येक सेकंद घेई. तेवढ्यात जो चालला तो धुरकट झाला. जो लगबगीने गेला, तो पुसलाच गेला. पॅरिसमध्ये फोटोकलेचा एक जनक दागेर याने १८३८ साली एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला, त्यात गाड्याघोडे सगळे गायब. ठळक उमटला तो बूट पॉलिश करून घेत उभा असलेला एक गृहस्थ.

म्हणजे पाटी घेऊन धावणारा हमाल इतिहासातून वजा, आणि ओट्यावर तंगड्या सोडून बसलेला अमर! 'नुसता बसून काय करतोस?' असं त्याला घरी रोज ऐकावं लागत असणार.

घरोघरी दुसरा खेळ चालतो तो फोटोचं साल ठरवण्याचा. काका ठासून सांगतात, "१८६० चा आहे." भाचा फोटो मोठा करतो आणि ट्रामचा घोडा दाखवतो. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली, तेव्हा काकांना चौदा वर्षं तरी पुढे सरकावं लागतं. घोड्याऐवजी वर तार दिसली तर १९०७ किंवा नंतरचं साल. ट्राम दुमजली असेल तर थेट १९२०. काका मग विषय बदलतात आणि तेव्हाच्या तुपाचा भाव सांगू लागतात.

माणसं स्थिर राहत नाहीत, यावर विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने नामी उपाय काढला. जॉन्सनने शहरातल्या नाना जातीजमातींची माणसं आधी वेगळी उभी करून टिपली आणि मागे मुंबईचे देखावे जोडले. १८६३ आणि १८६६ मध्ये त्याचे दोन खंड निघाले. कातरकाम झालेल्या त्या चित्रांमागे ना धूळ, ना गर्दी, ना कुणाचा कोपर.

तीही चित्रं आता मोबाइलवर फिरतात आणि कुणीतरी खाली लिहितं : "बघा, तेव्हा लोक रस्त्यावर किती शिस्तीत उभे राहायचे!"